आई-बाबा, या डिसेंबरात मी येत नाहीये

मेलबर्न
नोव्हेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं असतं तर आईचा आवाज उतरला असता आणि माझ्या तोंडून पुढचं आलंच नसतं, म्हणून पत्र लिहितेय. मोठ्या टायपात प्रिंट काढून दे असं दादाला सांगितलंय. बाबा, तरीही एका डोळ्यावर ताण देऊन वाचत बसू नका, आईकडून वाचून घ्या.

या डिसेंबरात मी घरी येत नाहीये. मी आणि इरा टास्मानियाला जातोय, गाडी बोटीत घालून, तंबू घेऊन. तिकिटं काढून झाली. बाबा, ठरलेली गोष्ट विचारल्यासारखी करून सांगू नये, हे तुमचंच. आत्याच्या जमिनीच्या वेळी तुम्ही काकांना ते बोललात तेव्हा मी जिन्यात बसून ऐकत होते.

तुमच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन डिसेंबरातच आहे, हे मी विसरलेली नाही. पहिल्या वेळी मी होते, या वेळी नसेन, याचं मला वाईट वाटतंय आणि ते वाटतच राहणार. पण माझ्यासाठी तारीख पुढे ढकलू नका. एप्रिलपर्यंत थांबलात तर मोतीबिंदू आणखी पिकेल आणि डॉक्टरांचं काम अवघड होईल. दादा-वहिनी दोघंही रजा टाकताहेत, मी त्यांच्याशी सविस्तर बोललेय.

आता कारण. डिसेंबरात विमानाची तिकिटं भलतीच चढतात आणि मंदारला रजा नाही, हे दोन्ही खरं आहे, पण त्यासाठी मी कधी यायची राहिले नसते. कारण इरा आहे. तिची बारावी संपली. फेब्रुवारीत ती ब्रिस्बेनला शिकायला जाणार. या मुलीनं आपण होऊन कधी काही मागितलं नाही, आई, तुला माहीत आहे, तू वाढदिवसाला पैसे दिलेस तरी तिनं ते वर्षभर पाकिटात ठेवले. ती म्हणाली, जाण्याआधी आपण दोघी बोटीनं टास्मानियाला जाऊ या, तंबूत राहू या. एवढंच. तिला "पुढच्या वर्षी" म्हणणं मला जमलं नाही. पुढच्या वर्षी तिच्या सुट्ट्या तिच्या मैत्रिणींच्या असतील. तुम्हाला सोडून ती तिकडे निघाली असं मात्र मनात आणू नका. एप्रिलात ती माझ्याबरोबर चिपळूणला येणार आहे, कॉलेजचे चार दिवस बुडाले तरी चालतील असं तीच म्हणाली.

बाबा, दादाकडून नकाशा उघडून घ्या. ऑस्ट्रेलियाच्या पायाशी आहे तो टास्मानिया. महाराष्ट्राच्या पाव भागाहूनही लहान. बोट पूर्वी मेलबर्नहूनच सुटायची, २०२२ पासून जिलाँगहून सुटते, म्हणजे आमच्या घरापासून तासा-सव्वा तासावर. मधली बास सामुद्रधुनी साधारण २४० किलोमीटर रुंद. रात्रीची बोट, नऊ ते अकरा तास, पहाटे डेव्हनपोर्ट. तो समुद्र कधी कधी खवळतो, ते लपवत नाही, पण बोट चांगली मोठी आहे, गाड्या खाली पोटात आणि आम्ही वर. खुर्चीचं तिकीट स्वस्त होतं, तरी मी केबिन घेतली, स्वतंत्र बाथरूमची. उलटीच्या गोळ्या घेतल्यात. आई, तू सुंठ-गुळाची आठवण करून देणारच, तीही डब्यात असेल.

खायचं आधी सांगते, नाहीतर आईला पुढचं वाचवणार नाही. टास्मानियात ताजी फळं-भाजी नेऊ देत नाहीत. तिथली शेती आणि बागा किडीपासून जपायच्या म्हणून बंदरावर तपासणी असते, वास घेणारे कुत्रेही असतात. म्हणजे कढीपत्ता, आलं, लिंबं, सगळं इथेच ठेवायचं आणि उतरल्यावर तिकडचं घ्यायचं. पण मेतकूट, गोडा मसाला, तुझी थालीपिठाची भाजणी येणार आहे. दोन शेगड्यांचा छोटा गॅस घेतलाय. मागच्या शनिवारी परसात तंबू ठोकला, मेखा इरानं ठोकल्या, तिरक्या, दोरी ताणून, आणि बाहेर बसून आम्ही मऊ भात केला. मेतकूट, तूप, भाजलेला पापड. इरा म्हणाली, आजीच्या ओटीवर बसल्यासारखं वाटतंय. झोपायला हवेच्या गाद्या आहेत, आत शिरून झोपायच्या पिशव्या शून्य अंशापर्यंत ऊब धरणाऱ्या आहेत. दोन-तीन रात्री तंबू, मग एक रात्र केबिन, असं बसवलंय. तिथे गरम पाणी, कपडे धुवायचं मशीन, स्वयंपाकघर सगळं असतं. आई, संडासचा प्रश्न तू विचारणार नाहीस पण मनात धरशील. बहुतेक जागी बांधीव संडास आहेत. काही ठिकाणी पाण्याचे नाहीत, खड्ड्याचे आहेत, पण स्वच्छ ठेवतात.

आधी क्रेडल माउंटनला जाऊ. उंची १,५४५ मीटर, आपल्या कळसूबाईहून शंभरेक मीटरनं कमी, पण तिथे भर उन्हाळ्यातसुद्धा बर्फ पडू शकतो. आम्ही शिखरावर जाणार नाही. खाली डव्ह लेक म्हणून तळं आहे, त्याला वळसा घालायला दोनेक तास लागतात, तेवढंच करू. बाबा, तुम्हाला तिथली एक गोष्ट आवडेल. गुस्ताव आणि केट वाइनडॉर्फर हे जोडपं १९१० मध्ये त्या डोंगरावर चढलं आणि हे रान सगळ्यांसाठी कायमचं राखलं पाहिजे, या ध्यासानं झपाटलं. १९१२ मध्ये त्यांनी तिथल्याच लाकडाचं घर बांधलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना उतरायला. केट १९१६ मध्ये गेली. तो तिथेच राहिला, एकटा, १९३२ मध्ये जाईपर्यंत. रान राखीव झालेलं मात्र त्यानं १९२२ मध्ये पाहिलं. तुम्ही गच्चीवरून गांधारेश्वराकडची झाडं मोजायचात ना, ते आठवलं मला हे वाचताना.

तिथून पूर्व किनारा. बे ऑफ फायर्समध्ये वाळूला लागूनच तंबू ठोकता येतो, फुकट, फक्त पिण्याचं पाणी मिळत नाही, ते आम्ही कॅनमधून नेऊ. खडकांवर नारिंगी दगडफूल चढलेलं असतं. नाव मात्र त्यावरून पडलेलं नाही. १७७३ मध्ये कॅप्टन फर्नोला बोटीवरून किनाऱ्यावर मूळ रहिवाशांच्या आगट्या पेटलेल्या दिसल्या, म्हणून ते नाव. खाली फ्रेसिने नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे सुट्टीच्या हंगामात तंबूच्या जागांची सोडत निघते. आपल्याला म्हाडाची कधी लागली नाही, हीही लागली नाही. आम्ही जवळच्या गावात राहून दिवसाचं पाहून येऊ.

शेवटी ब्रूनी बेट. केटरिंगहून छोटी फेरीबोट, वीस मिनिटांची, गाडीतच बसून राहायचं. धोपाव्याहून दाभोळला आता गाड्या जातात तशीच. आपण लाँचनं जायचो तेव्हाचं आठवतं? मधल्या पाण्यात मी रडायला लागले की बाबा मला मांडीवर घेऊन पलीकडच्या मशिदीचा घुमट दाखवायचे, घुमट मोठा होतो का बघ म्हणायचे, आणि तो मोठा होईपर्यंत धक्का आलेला असायचा. इराला लहानपणी विमान उतरताना मी नेहमी खालचे दिवे दाखवले, तेवढ्याचसाठी.

ब्रूनी दोन तुकड्यांचं आहे, मधे वाळूची अरुंद पट्टी. तिथे लाकडी पायऱ्या चढून वर गेलं की दोन्ही बाजूंना समुद्र दिसतो, आणि तिथेच ट्रुगानिनीचं स्मारक आहे. ही तिथल्या मूळ लोकांतली बाई, याच बेटाची. गोऱ्यांच्या वसाहतीत तिचं माणूस न् माणूस गेलं. मेल्यावर आपल्या देहाची विटंबना होईल ही भीती तिला होती, आणि झालंही तसंच. ती १८७६ मध्ये गेली, आणि पुढे तिचा सांगाडा होबार्टच्या संग्रहालयात कितीतरी वर्षं लोकांना पाहायला मांडून ठेवला. १९७६ मध्ये, शंभर वर्षांनी, तिच्याच लोकांनी दहन करून तिची राख ब्रूनीच्या खाडीत सोडली. आई, हे वाचलं तेव्हा मी आजीचा विचार करत होते. आजीनं सांगून ठेवलेल्या पाण्यातच तिच्या अस्थी गेल्या, बाबांनी त्या पावसात हट्ट धरला म्हणून. तेव्हा आम्ही सगळ्यांनी बाबांना विरोध केला होता. इराला मी हे तिथे नेऊन सांगणार आहे, दोन्ही.

आता काळजीचं. बाबा, गाडी डाव्या बाजूनंच चालवायची असते, आपल्यासारखी. अंधार पडल्यावर मी गाडी चालवणार नाही, कारण संध्याकाळनंतर वॉलबी, म्हणजे छोटे कांगारू, आणि वॉम्बॅट नावाचे गुबगुबीत प्राणी रस्त्यावर येतात. सूर्य मावळतो पावणेनऊच्या सुमारास, त्यामुळे घाई कुठेच नाही. साप आहेत, तीन जातींचे आणि तिन्ही विषारी. पण ज्या आईनं परसात फुरसं निघाल्यावर काठी आणायला मला धाडलं तिच्यापुढे मी हे काय सांगू. घोट्याच्या वर येणारे बूट आहेत, इलॅस्टिकचं बँडेज गाडीत पुढेच ठेवलंय, ते कसं गुंडाळायचं ते दोघीही शिकलोय. दोघी बायका रानात एकट्या, असंही नाही. सुट्टीत तिथे शेजारी-शेजारी तंबू असतात, लेकुरवाळी माणसं असतात. काही भागांत मोबाइलला रेंज नाही. एखादी संध्याकाळ फोन आला नाही तर घाबरू नका, दादाला विचारा. रोजचा मुक्काम त्याच्याकडे लिहून दिलाय.

आणि माझी काळजी करताना स्वतःकडे दुर्लक्ष करायचं नाही. बाबा, ऑपरेशननंतर डोक्यावरून अंघोळ नाही, डॉक्टर सांगेपर्यंत. खाली वाकून पेपरचा गठ्ठा उचलायचा नाही. दोन वेगळे ड्रॉप्स असतील तर मधे पाच मिनिटं जाऊ द्यायची, आणि बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही. मागच्या वेळी तुम्ही लावत होतात, मी पाहिलंय. स्कूटरची किल्ली वहिनीकडे. साखरेची गोळी उपाशीपोटी राहायच्या दिवशी घ्यायची की नाही हे आदल्या दिवशी विचारून ठेवा, आपल्या मनानं ठरवू नका. आई, तू स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाहीस, दिवाळीचे डबेसुद्धा नाही. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी आणलेला नाही. बाथरूममध्ये धरायचे दांडे बसवायला दादाला पैसे पाठवलेत, त्यात "आम्ही काय म्हातारे झालो का" असं म्हणून अडवू नका. तुम्ही झाला नाहीत. मला इथे रात्री झोप यावी म्हणून बसवा. आणि पोळ्यांच्या मावशींना डिसेंबरभर दोन्ही वेळा बोलवा, त्यांचं मी बोलून ठेवलंय.

एवढं सगळं लिहूनही तुम्हाला लागलं असेल तर लागलं असं सांगा. दादाच्या लग्नाच्या वेळी झालं तसं मनात ठेवून वर्षभर "काही नाही गं" म्हणत बसायचं नाही. एप्रिलात येईन ती आंब्यांच्या वेळेला आणि चांगली राहायला. तारीख पक्की झाली की पहिला फोन तुम्हालाच.

इराचा नमस्कार. मंदारचाही.

तुमची,
मनू

ता. क. ऑपरेशनच्या दिवशी आम्ही होबार्टमध्ये असू, तो मुक्काम त्याच दिवसाला धरून ठेवलाय, तिथे रेंजची अडचण नाही. तुमचे सकाळचे आठ म्हणजे आमचे दुपारचे दीड. बाबांना आत नेताना दादानं एक फोन करायचा आणि बाहेर आणल्यावर एक, आणि दुसऱ्या फोनवर बाबांनीच बोलायचं.