‘व बायबल बाया’ म्हणजे कोण?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. कालच्या पुरवणीतला रोझमेरी रॅडफर्ड रूथर या अमेरिकेतल्या कॅथलिक स्त्रीवादी धर्म-अभ्यासक बाईंवरचा लेख वाचला आणि मन इतकं खट्टू झालं की सकाळची कामं बाजूला टाकून लिहायला बसलेय. ‘चर्चशी भांडलेली बाई’ असं हेडिंग का दिलंत? अर्धा लेख तर २००८ च्या सॅन डिएगोच्या वादावरच आहे, म्हणजे त्या कॅथलिक विद्यापीठाने त्यांना मानाचं पद देऊ केलं आणि विरोध झाल्यावर परत घेतलं, ते. ते सांगायला हवंच, नाही म्हणत नाही. पण तेव्हा बाई सत्तरी ओलांडलेल्या होत्या हो, त्याआधी चाळीस वर्षं त्यांनी काय केलं ते तुम्ही दोन ओळींत उरकलंत.

ही बाई ग्रीक-लॅटिन शिकलेली, १९६५ ला पीएचडी केली ती चौथ्या शतकातल्या नाझियांझसच्या ग्रेगरी या ख्रिस्ती धर्माचार्यावर. चर्च फादर्स, म्हणजे चर्चच्या सुरुवातीच्या शतकांतले असे थोर धर्मलेखक, मुळातून वाचलेले म्हणूनच तर १९७४ मध्ये त्यांनी त्याच लिखाणातून दाखवून दिलं की या थोर लोकांनी बायकांबद्दल काय काय लिहून ठेवलंय. आणि तिथेच थांबल्या नाहीत, त्या काळातल्या बायकाही शोधल्या. बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमचं नाव सगळ्यांना माहीत, पण ज्या पाउलाच्या पैशावर बेथलेहेमचे मठ उभे राहिले, जी हिब्रू शिकली, तिला आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या माणसांत, किती जण ओळखतात? रूथरबाई आयुष्यभर कॅथलिक राहिल्या, पण नोकरीची वर्षं गेली ती आधी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांमध्ये, आणि मग इव्हॅन्स्टनच्या मेथडिस्ट सेमिनरीत, म्हणजे एका प्रॉटेस्टंट पंथाच्या पाळक घडवणाऱ्या कॉलेजात. रोझमेरी स्किनर केलर यांच्याबरोबर अमेरिकेतल्या बायका आणि धर्म यांवर मूळ कागदपत्रांचे तीन खंड काढले, १९८१ ते १९८६. नन्स, उपदेश करणाऱ्या बायका, समाजसुधारणेत उतरलेल्या बायका. या खंडांचा तुमच्या लेखात उल्लेखसुद्धा नाही, आणि माझं खरं दुखणं ते आहे.

कारण सांगते. माझी पणजी बायबल बाई होती. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांतून पायी फिरायची, घराघरात बायकांना अक्षरओळख द्यायची, गाणी शिकवायची, शास्त्र वाचून दाखवायची. काही वर्षांपूर्वी आमच्या एका चर्चची शतकपूर्तीची स्मरणिका निघाली. सगळ्या पाळकसाहेबांचे वेगवेगळे फोटो, खाली नाव, डिग्री, सेवेची वर्षं. आणि बायकांचा एकच ग्रुप फोटो, त्याखाली पाळकसाहेबांचं नाव, मिशनच्या मडमचं नाव आणि पुढे फक्त ‘व बायबल बाया’. सात बाया उभ्या आहेत त्यात, एकीचंही नाव नाही. पणजीला मी तिच्या छत्रीवरून ओळखलं, ती छत्री आमच्या घरी माझ्या लहानपणापर्यंत होती. मी समितीकडे गेले तर म्हणाले, ताई, जागा नव्हती, आणि आता नावं कोणाला आठवतात? मग मीच दोन महिने म्हाताऱ्या बायकांकडे फिरून सहा नावं गोळा केली, कागदावर लिहून दिली, तरी दुसऱ्या आवृत्तीत तीच ओळ तशीच्या तशी. मी घरी येऊन रडले होते. त्या सात जणी नसत्या तर निम्म्या खेड्यांत मंडळी उभीच राहिली नसती.

म्हणून रूथरबाईंचं काम म्हणजे नुसतं भांडण नाही. बायका त्या फोटोत आधीपासून होत्या, हेच तर त्या कागद काढकाढून दाखवत होत्या. आणि हे आपल्यापासून लांबचं पण नाही. सिंथिया फरार ही मिशनरी बाई १८२७ मध्ये अमेरिकेहून अविवाहित अशी मुंबईला आली, नगरला मुलींच्या शाळा चालवल्या, १८६२ मध्ये नगरलाच वारली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं ट्रेनिंग तिच्याकडे घेतलं. मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, दर ३ जानेवारीला सावित्रीबाईंवर भाषणं ऐकली, त्यात फरारबाईंचं नाव मोजून दोनदा आलं असेल.

अजून एक, लिहितेच आहे तर. मेथडिस्ट सेमिनरीत शिकून जे होतात त्यांना तुम्ही ‘पुजारी’ छापलंय. ते पाळक. कॅथलिकांमध्ये धर्मगुरू, फादर. एवढं तरी कोणाला विचारून छापत जा, इथे शंभर-दीडशे वर्षं मराठीत उपासना करणारी माणसं राहतात आणि तुमच्या पेपरला आमची आठवण येते ती डिसेंबरात, केकच्या फोटोसकट.

बाई मे २०२२ मध्ये गेल्या, ८५ व्या वर्षी. त्यांच्या इतिहासाच्या कामावर वेगळा लेख छापावा, ही मनापासून विनंती. आणि हे पत्र छापलंत तर एवढं मात्र कापू नका: त्या फोटोतल्या डावीकडून चौथ्या बाईचं नाव मला अजून मिळालेलं नाही. नगरकडच्या कोणाच्या घरी जुना मिशनचा फोटो, आजीची पेटी, पगाराची चिठ्ठी काहीही असेल तर कृपा करून तुमच्या ऑफिसात कळवायला सांगा, मी येऊन घेऊन जाईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नगर