खापर सांकेतिक भाषेवर नको

कर्णबधिर मुलांच्या कच्च्या इंग्रजी लेखनाचे खापर सांकेतिक भाषेवर फोडणारा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. निष्कर्ष पटला नाही. कर्णबधिरांच्या शिक्षणावरील १८८० च्या मिलान (इटली) येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने अशाच समजुतीपायी शाळांतून खुणा हद्दपार करण्याचे ठराव केले. ते फेटाळायला २०१० साल उजाडावे लागले, तेही कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये भरलेल्या याच परिषदेत!

अडचण व्याकरणाची आहे. अमेरिकन सांकेतिक भाषेत काळ बहुधा वाक्याच्या सुरुवातीलाच सांगितला जातो, त्यासाठी क्रियापदाचे रूप बदलत नाही. ‘इज’सारखे क्रियापदही तिच्यात नाही. हो-नाहीचा प्रश्न भुवया उंचावून विचारतात. या भाषेत वाढलेले मूल ‘यस्टरडे आय गो स्कूल’ लिहिते, तेव्हा ते विचारात गोंधळलेले नसते. तिथे लाल शाई काय कामाची? घडलेला प्रसंग मुलाला आधी खुणांनी सांगू द्यावा, मोबाइलवर टिपावा आणि एकेक वाक्य थांबवून, ‘भुवई वर गेली, इंग्रजीत इथे काय लिहायचे?’ असे विचारत कागदावर उतरवावे. अर्थात त्यासाठी शिक्षकालाही ती भाषा अस्खलित यायला हवी. प्रशिक्षणात शिकलेल्या चार-दोन खुणांवर ते भागणार नाही.

– एक शिक्षिका