लोगनचे काका, आमचा माळ वाचवलात

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकट्याला दिलं असतं तर ‘अगं, त्यात काय एवढं’ म्हणत तुम्ही ते घडी घालून खिशात ठेवलं असतं. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. अमेरिकेतल्या यूटा, आयडाहो, नेवाडा या भागात आता आपली बरीच मराठी घरं झाली आहेत. घर घेतलं की मागची झुडपं काढून टाकायची, हे पहिलं काम. मीही तेच करत होते. तुम्ही आला नसतात तर एक झुडूप शिल्लक राहिलं नसतं.

२०१९च्या उन्हाळ्यात आम्ही यूटातल्या लोगन गावाच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी घर घेतलं. मागे पाऊण एकराचा उतार होता. कमरेएवढी करडी झुडपं, मधे मधे दगड आणि वाळलेलं गवत. मला लॉन हवं होतं, मुलीला झोका. ऑगस्टमध्ये यंत्र बोलावलं आणि दुपारपर्यंत निम्मा उतार खरवडून झाला. तुम्ही फिरायला निघाला होतात, आमचं मराठी ऐकून कुंपणाशी थांबलात. गाव विचारलंत. मी म्हटलं दहिवडी, आणि पुढे उगाच सांगत बसले की इथे काय, सगळं उजाडच आहे, आता जरा हिरवं करतोय. तुम्ही उपटलेल्या झुडपांच्या ढिगाकडे पाहिलंत आणि म्हणालात, “माणदेशातली मुलगी ना तू? आणि माळाला उजाड म्हणतेस?”

त्या क्षणी मला तुमचा फार राग आला होता, काका. ओळख ना पाळख आणि हा माणूस मला बोलतोय! पण तुम्ही ढिगातली एक फांदी उचललीत, चार पानं माझ्या तळहातावर ठेवलीत आणि चुरून वास घ्यायला सांगितलंत. मी वास घेतला आणि डोळ्यांत पाणीच आलं. दवणा! ज्योतिबाच्या चैत्र यात्रेहून आई आणायची तो. तितका गोड नाही, कापराकडे झुकणारा, पण घराणं तेच. “सेजब्रश म्हणतात याला,” तुम्ही सांगितलंत. “आर्टेमिसिया. आपल्या दवण्याचा सख्खा चुलतभाऊ.” मग पानाचं टोक दाखवलंत. तीन बारीक दात, जणू कुणी नखाने खाचा पाडल्यात. म्हणून नाव ट्रायडेंटाटा, तीन दातांची.

यंत्रवाल्याला मी त्याच दिवशी परत पाठवलं. उरलेला अर्धा उतार आज उभा आहे तो त्या चार पानांमुळे.

पण खरवडलेल्या अर्ध्याने आम्हाला बराच धडा शिकवला. मी एका दुकानातून ‘स्थानिक रानझाडांचं’ म्हणून बियाणं आणलं, छान माती उकरून पेरलं, वर पाणी घातलं. सेजब्रशचं एक रोप उगवलं नाही. पुढच्या वसंतात तिथे हिरवंगार लुसलुशीत गवत आलं आणि मी खुळ्यासारखी खूश झाले. तुम्ही आलात, खाली बसलात, एक काडी उपटून म्हणालात, हे चीटग्रास. युरोप-आशियातून एकोणिसाव्या शतकात इकडे आलेलं. शरद ऋतूत उगवतं, बर्फाखालीही मुळं वाढवत राहतं, वसंतातला ओलावा आधी पिऊन टाकतं आणि जूनपर्यंत वाळून कोरडंठाक होतं. मग एक ठिणगी पुरते. सेजब्रश जळालं तर बुडखातून पुन्हा फुटत नाही, आणि त्याचं बी आईपासून चार पावलांपलीकडे फारसं जात नाही. चीटग्रास मात्र आगीनंतर पहिलं हजर. जिथे पूर्वी कित्येक दशकांत एखादी आग लागायची, तिथे हे गवत पसरल्यावर पाच-पाच वर्षांत वणवे लागतात, आणि प्रत्येक वणव्यात झुडपं मागे हटतात. हे सगळं तुम्ही माझ्या मोज्यात रुतलेली कुसळं एकेक काढत सांगितलंत. आपल्या माळावरच्या कुसळीची आठवण झाली खरी, पण ती कुसळी तिथली आहे, आणि हे गवत इथे उपरं आहे. हा फरक मला तेव्हा पहिल्यांदा कळला.

त्या वर्षी आणि पुढची दोन वर्षं मे महिन्यात, गवत जांभळं पडायच्या आत, आपण ते हाताने उपटलं. तुमचे गुडघे दुखत असताना तुम्ही पाट घेऊन यायचात आणि त्यावर बसून काम करायचात. मी एकदाच म्हटलं की काका, तुम्ही नुसतं सांगा, आम्ही करतो. त्यावर तुम्ही जे बघितलंत, त्यानंतर पुन्हा म्हटलं नाही.

आणि ती टॉर्चची रात्र! दुकानातलं बी का उगवलं नाही ते तुम्ही सांगत बसला नाहीत, दाखवलंत. स्वयंपाकघरात दिवे बंद, ओट्यावर काचेचे तीन पेले, पेल्यांत पाणी. एकात आमच्या उतारावरची पानं चुरून टाकलीत, दुसऱ्या दोहोंत खाली खोऱ्यातून आणि पश्चिमेच्या रुक्ष भागातून तुम्ही आणलेली. वरून अतिनील टॉर्च मारलात. आमचा पेला निळाशार उजळला, बाकीचे दोन जवळजवळ अंधारातच. मुलगी ओरडली, “आई, जादू!” तुम्ही म्हणालात, जादू नाही गं, कूमरीन, पानातलं एक रसायन. सेजब्रश दिसायला एक असलं तरी त्यात पोटजाती आहेत. डोंगराळ भागातली वेगळी, खोऱ्यातल्या खोल मातीतली वेगळी, कोरड्या सपाटीवरची वेगळी. एकीचं बी दुसरीच्या जागी लावलं तर ते जगेलच असं नाही. ज्या मातीत लावायचं तिथलंच बी हवं.

मग नोव्हेंबरमध्ये उरलेल्या अर्ध्या उतारावरच्या झुडपांचं बी आपण कागदी पिशवीत झाडून घेतलं. मिरपुडीहून बारीक. मी माती उकरायला लागले तर तुम्ही खुरपं काढून घेतलंत. हे बी पुरायचं नसतं, उजेड लागतो, वरच पडू द्यायचं. डिसेंबरमध्ये बर्फ पडला आणि आपण ते बर्फावर भुरभुरलं. शेतकऱ्याची पोर आहे मी, पण बर्फात पेरणी मी आयुष्यात पहिल्यांदा केली.

मुलीला सगळ्यात जास्त आवडला तो मातीवरचा पापुद्रा. उभ्या उतारावर झुडपांच्या मधे काळपट, खरबरीत, फुगलेली अशी जी कातडी दिसते ती मी घाण समजत होते. तुम्ही तिच्या हातात पाण्याची फवारणीची बाटली दिलीत. तिने दोन-चार फवारे मारले आणि आमच्या डोळ्यांसमोर, दोन मिनिटांत, त्या काळ्या मातीत हिरवी लव उभी राहिली. शेवाळ, दगडफुलाची भावंडं आणि सूक्ष्म निळं-हिरवं शैवाल, सगळ्यांनी मिळून माती शिवून धरलेली. तेव्हापासून ती उतारावर दगडावरून दगडावर पाय टाकत जाते आणि पाहुण्यांनाही तसंच चालायला लावते.

तुमच्याच गावात झालेलं संशोधनही तुम्ही असं सांगितलंत की जणू शेजारच्या घरातली गोष्ट. १९८७ साली यूटा स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी दाखवलं की सेजब्रश रात्री खोलवरचं पाणी मुळांनी वर ओढतं आणि त्यातलं काही वरच्या कोरड्या मातीत सोडतं. सकाळी ते स्वतः पितं, आणि आजूबाजूच्या उथळ मुळांच्या गवतांनाही ते मिळू शकतं. माझ्या आजीच्या वाड्यातला आड आठवला. रात्री पोहरे भरून ठेवायचे, पहाटे गल्ली पाणी न्यायची.

लॉनचा विचार मी तेव्हाच सोडला नव्हता, हेही सांगून टाकते. तो सुटला बेअर नदीच्या मुखाशी. २०२२च्या शरद ऋतूत तुम्ही आम्हाला तिथल्या पक्षी अभयारण्यात नेलंत. ग्रेट सॉल्ट लेक तेव्हा नोंदी सुरू झाल्यापासूनच्या सर्वांत खालच्या पातळीकडे चाललं होतं, नोव्हेंबरमध्ये ती नोंद झालीच. वाटेत गाडीत तुम्ही नदीचा प्रवास सांगितलात. युइंटा डोंगरात उगम, मग वायोमिंग, आयडाहो, पुन्हा यूटा, असा मोठा वळसा घालून ती या सरोवरात येते. समुद्राला मिळतच नाही. इथलं पाणी कुठेच जात नाही, उन्हात उडून जातं आणि मीठ मागे ठेवतं.

तरी त्या मिठात काय काय उभं होतं! सॉल्टग्रासचं एक पान तुम्ही वाकवून दाखवलंत, त्यावर मिठाचे कण चमकत होते. मुलीने जीभ लावली. पलीकडे ग्लासवर्टचे मांसल कोंब लालभडक झालेले, जणू कुणी कुंकू सांडलंय. पाण्यात पाणकणीस आणि बुलरश. कोरड्या काठावर ग्रीसवुड, जे उगवलं की समजायचं खाली फार खोल नाही पाणी. आणि एका बाजूला माणसाहून उंच बोरूसारखी परकी फ्रॅगमायटीसची भिंत, जिच्यात बाकीचं काहीच दिसत नव्हतं. तुम्ही पाण्याकडे बघत हळूच म्हणालात, “वरच्या खोऱ्यात जेवढी लॉनं, तेवढं हे कमी.” मला उद्देशून म्हणाला नव्हतात. पण घरी आल्यावर मी लॉनवाल्याला नको म्हणून कळवलं.

२०२३च्या नोव्हेंबरमधला तो दिवस तर मी विसरूच शकत नाही. आयडाहोतल्या प्रेस्टनजवळ, वूडा ओग्वा. शोशोनी या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत बेअर नदीचं नाव. २९ जानेवारी १८६३ला तिथे थंडीत वस्तीला असलेल्या शोशोनी बायका-पोरं-पुरुषांवर अमेरिकी सैन्याने हल्ला केला, शेकडो माणसं मारली गेली. ती जमीन नॉर्थवेस्टर्न बँड ऑफ द शोशोनीने २०१८मध्ये विकत घेऊन परत आपली केली, आणि आता उपरी रशियन ऑलिव्हची झाडं काढून ते तिथे वाळुंज, कॉटनवुड, ओढ्याकाठची जुनी झुडपं लावताहेत. नदीला पाणी परत मिळावं, ते खाली सरोवरापर्यंत जावं म्हणून. आपण इतर स्वयंसेवकांत मिसळून दिवसभर रोपं लावली. तुम्ही प्रत्येक खड्ड्याशी टोपी काढत होतात. मी कारण विचारलं नाही. मुलीने विचारलं, तर तुम्ही म्हणालात, “इथे माणसं झोपलीत बाळा.”

या सगळ्याबद्दल तुमचे आभार कसे मानायचे, मला खरंच कळत नाही. तुम्ही कधी पैसे घेतले नाहीत, डबाही अर्धा परत पाठवलात. राहुरीला शिकलेला मुलगा सत्तरच्या दशकात इथे येतो, सगळे मक्याकडे-गव्हाकडे जात असताना माळाच्या गवतावर नि झुडपांवर आयुष्य घालवतो, आणि निवृत्तीनंतर एका अनोळखी बाईच्या पाऊण एकरासाठी पाटावर बसून गवत उपटतो. सोलापूरला गेलात की नान्नजचा माळढोक आणि इथे सेज ग्राउस, दोन्ही पक्षी ‘पडीक’ म्हटलेल्या जमिनीवरच नाचतात, असं तुम्ही म्हणायचात. सेज ग्राउस हिवाळाभर याच पानांवर जगतो, हे ऐकल्यापासून मी त्या झुडपांकडे ताटासारखी बघते.

आता बातमी. बर्फावर टाकलेल्या बियांपैकी अकरा रोपं जगली. त्यांतली तीन या सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा फुलली, बारीक पिवळसर तुरे, तुम्ही सांगितलं होतंत तसेच, नीट बघितल्याशिवाय फुलं म्हणून लक्षातही न येणारे. उभ्या अर्ध्यात जूनमध्ये सेगो लिलीची दोन पांढरी फुलं आली होती, तिथे मुलीने दगडांचं रिंगण केलंय.

तुम्ही लेकीकडे ओरेगनला गेलात, ते बरंच झालं, तिथे थंडी कमी आहे. गुडघ्यांना जपा. त्या तीन झुडपांचं बी आम्ही परवा झाडून घेतलं आणि निम्मं कागदी पिशवीत तुमच्यासाठी ठेवलंय. पिशवीवर मुलीने ‘आजोबांचं’ असं लिहिलंय. पोस्टाने पाठवणार नाही, न्यायला या. डिसेंबरचा बर्फ पडायच्या आत आलात तर पेरणीला तुम्हीच पहिली मूठ टाका.

तुमची,
कुंपणापलीकडची दहिवडीची लेक