स्वीडनचे पंतप्रधानपद : प्रश्न पाठिंब्याचा नव्हे, विरोधाचा

महोदय,

युरोपातील अल्पमतातील सरकारांचा आढावा घेणारा लेख आपल्या अंकात वाचला. त्यात स्वीडनच्या मॅग्डालेना अँडरसन यांचे उदाहरण देऊन, ज्या देशात पंतप्रधान सकाळी निवडून येतो आणि संध्याकाळी राजीनामा देतो तेथील राज्यकारभार अस्थिरच असणार, असा निष्कर्ष काढलेला आहे. घटना खरी आहे, पण निष्कर्ष पटत नाही. स्वीडनमध्ये पंतप्रधान ज्या नियमाने निवडला जातो, त्याचा उल्लेखच लेखात नसल्यामुळे वाचकांचा गैरसमज होण्याची शक्यता आहे. म्हणून हे सविस्तर पत्र.

स्वीडनच्या संसदेत, म्हणजे रिक्सडागमध्ये, ३४९ सदस्य असतात. पंतप्रधान नेमण्याच्या प्रक्रियेत राजाला कोणतेही स्थान नाही. रिक्सडागचे सभापती सर्व पक्षांच्या नेत्यांशी चर्चा करून एक नाव सुचवतात आणि त्या नावावर सभागृहात मतदान होते. मात्र या मतदानात बाजूने किती मते पडली हे मोजून निकाल ठरत नाही. एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे किमान १७५ सदस्यांनी विरोधात मत दिले तरच ते नाव फेटाळले जाते, अन्यथा ते मंजूर झाले असे समजतात. तटस्थ राहणारा किंवा गैरहजर असणारा सदस्य त्यामुळे प्रत्यक्षात उमेदवाराच्या पथ्यावर पडतो. सभापतींनी सुचवलेली नावे लागोपाठ चार वेळा फेटाळली गेली, तर तीन महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागते. आजवर ती वेळ आलेली नाही. २०१८ च्या निवडणुकीनंतर मात्र ती फार दूरही राहिली नव्हती. सभापती आंद्रेयास नोर्लेन यांनी सुचवलेले मॉडरेट या उजव्या पक्षाचे उल्फ क्रिस्टरसन नोव्हेंबरमध्ये आणि सोशल डेमोक्रॅट पक्षाचे स्टेफान ल्योव्हेन डिसेंबरमध्ये फेटाळले गेले. अखेर निवडणुकीला १३१ दिवस लोटल्यानंतर, जानेवारी २०१९ मध्ये, त्याच ल्योव्हेन यांचे नाव मार्गी लागले. त्या दिवशी त्यांच्या बाजूने ११५, विरोधात १५३ आणि तटस्थ ७७ अशी मते पडली होती.

बाजूने ११५ आणि विरोधात १५३ मते असताना पंतप्रधान निवडून येतो, हे वाचताना विचित्र वाटते खरे. पण याहून टोकाचे उदाहरण १९७८ चे आहे. थोरब्यॉर्न फेल्दिन यांचे तीन पक्षांचे सरकार अणुऊर्जेच्या प्रश्नावर फुटले आणि लिबरल नेते ओला उल्स्टेन यांचे नाव पुढे आले. त्यांच्या पक्षाचे रिक्सडागमध्ये अवघे ३९ सदस्य होते. मतदानात उल्स्टेन यांना ३९ मते मिळाली, ६६ विरोधात गेली आणि २१५ सदस्य तटस्थ राहिले. सोशल डेमोक्रॅट आणि सेंटर पक्ष तटस्थ राहिले ते उल्स्टेन यांच्या प्रेमापोटी नव्हे. त्या घडीला उपलब्ध असलेल्या इतर पर्यायांपेक्षा हा पर्याय त्यांना सोसण्याजोगा वाटला, इतकेच. तीन वर्षांनी फेल्दिन यांचीच पुन्हा पाळी आली, तेव्हा १०२ सदस्य बाजूने, १७४ विरोधात आणि ६२ तटस्थ होते. आणखी एक मत विरोधात गेले असते, तर ते पंतप्रधान झाले नसते.

हा नियम कोणाच्या तरी सुपीक डोक्यातून एका दिवसात निघालेला नाही, आणि त्याचा इतिहास समजल्याशिवाय त्याचे मर्म कळत नाही. १८०९ च्या राज्यघटनेत राजा एकट्याने राज्याचा कारभार पाहील असे स्पष्ट लिहिलेले होते. पंतप्रधान हे पदच १८७६ मध्ये निर्माण झाले. पहिले पंतप्रधान लुई दे येर हे राजाचे प्रमुख सल्लागार होते, संसदेचे प्रतिनिधी नव्हते. पुढील चार दशके या दोन भूमिकांमधली ओढाताण चालू राहिली. फेब्रुवारी १९१४ मध्ये संरक्षणखर्च वाढवावा या मागणीसाठी तीस हजारांहून अधिक शेतकरी स्टॉकहोमच्या राजवाड्यावर चालून आले, तेव्हा राजा पाचवा गुस्ताव्ह याने वाड्याच्या चौकात उभे राहून आपल्याच सरकारच्या धोरणाविरुद्ध भाषण केले. पंतप्रधान कार्ल स्टाफ यांनी राजीनामा दिला. राजाची सरशी झाली, पण ती शेवटचीच ठरली. १९१७ च्या निवडणुकीनंतर लिबरल आणि सोशल डेमोक्रॅट यांचे संयुक्त सरकार निल्स एडेन यांच्या नेतृत्वाखाली आले, आणि सरकार संसदेला मान्य असलेच पाहिजे, हे तत्त्व राजाला स्वीकारावे लागले.

येथे एक बाब ध्यानात घ्यावी. १९१७ नंतरही घटनेचा मजकूर जुनाच राहिला. पंतप्रधान नेमणार राजा, आणि नेमलेल्याला संसदेने चालू द्यायचे, अशी रीत पडली. नव्या सरकारला सभागृहाकडून आधी विश्वासमत घ्यावे लागत नसे, त्यामुळे संसदेने हाकलले नाही तोवर सरकार टिकत असे. १९२० मध्ये यालमार ब्रांटिंग हे पहिले सोशल डेमोक्रॅट पंतप्रधान झाले तेही अशाच अल्पमताच्या बळावर. टागे एर्लांडर १९४६ ते १९६९ अशी सलग २३ वर्षे पंतप्रधान होते, पण त्या प्रदीर्घ काळातला फार थोडा भाग असा होता की ज्यात त्यांच्या पक्षाला थेट निवडून आलेल्या सभागृहात स्वतःचे निर्विवाद बहुमत होते. कधी शेतकऱ्यांच्या पक्षाशी आघाडी, तर कधी कम्युनिस्टांची मूक साथ, यावर त्यांचा संसार चालला. ऑगस्ट १९७१ मध्ये तोरेकोव्ह या समुद्रकाठच्या गावी चार पक्षांनी तडजोड केली. राजपद राहील, पण राजाला राजकीय अधिकार उरणार नाही, असे ठरले. त्यानुसार १९७४ ची राज्यघटना तयार झाली, ती १९७५ पासून लागू झाली आणि सरकार बनवण्यातले राजाचे काम सभापतींकडे आले. जी गोष्ट पन्नासहून अधिक वर्षे रीत म्हणून चालत होती, ती आता आकड्यांसह नियमात उतरली. म्हणजे स्वीडिश लोकांनी अल्पमतातले सरकार ही आपत्ती मानून तिच्यासाठी पळवाट काढली असे नाही. अशी सरकारे येणारच, हे गृहीत धरून त्यांनी नियम केला.

आता २४ नोव्हेंबर २०२१ चा तो दिवस. आपल्या लेखाचा सगळा भर त्याच्यावर आहे. आदल्या रात्री उशिरा, ल्योव्हेन यांच्याच सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या अँडरसन यांनी डाव्या पक्षाशी निवृत्तिवेतनवाढीचा समझोता केला. सकाळी मतदान झाले, ११७ बाजूने, १७४ विरोधात, ५७ तटस्थ आणि एक सदस्य गैरहजर. पुन्हा तेच, एका मताचे अंतर. स्वीडनच्या इतिहासात पहिल्यांदा एक स्त्री पंतप्रधानपदी निवडली गेली म्हणून सभागृहात टाळ्या झाल्या. दुपारी त्याच सभागृहात अर्थसंकल्पावर मतदान झाले आणि सरकारचा अर्थसंकल्प पडून मॉडरेट, ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि स्थलांतरविरोधी स्वीडन डेमोक्रॅट्स यांनी मिळून मांडलेला अर्थसंकल्प १५४ विरुद्ध १४३ मतांनी मंजूर झाला. तेवढ्याने अँडरसन यांचे पद जात नव्हते, आणि विरोधकांच्या अर्थसंकल्पावर कारभार करण्याची त्यांची तयारीही होती. पण सरकारातला भागीदार ग्रीन पक्ष म्हणाला की स्वीडन डेमोक्रॅट्सच्या सहभागाने तयार झालेला अर्थसंकल्प आम्ही राबवणार नाही, आणि तो बाहेर पडला. आघाडीतला पक्ष बाहेर पडला की पंतप्रधानाने राजीनामा देऊन सभागृहाचा कल पुन्हा अजमावावा, असा तेथे प्रघात आहे. त्यानुसार अँडरसन यांनी निवडीनंतर सुमारे सात तासांनी राजीनामा दिला. त्यांनी अजून सूत्रे हाती घेतलेलीच नव्हती, हा तपशील आपल्या लेखात सुटला आहे. पाचच दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, त्या १०१ बाजूने, १७३ विरोधात आणि ७५ तटस्थ अशा मतांनी पुन्हा निवडल्या गेल्या, आणि केवळ १०० सदस्यांच्या आपल्या एका पक्षाचे सरकार त्यांनी पुढील निवडणुकीपर्यंत चालवले. ज्याला आपण कोसळणे म्हणालात, त्यात देश आठवडाभरही नव्या सरकारवाचून अडून राहिला नाही, कारण ल्योव्हेन यांचे सरकार तोवर काळजीवाहू म्हणून काम पाहत होतेच.

अस्थिरतेचे खरे माप मुदतपूर्व निवडणुका हे धरले, तर स्वीडनचा हिशेब फारच वेगळा दिसतो. तेथे शेवटची मुदतपूर्व निवडणूक १९५८ मध्ये झाली, पूरक निवृत्तिवेतनाच्या प्रश्नावर. (ती योजना पुढच्या वर्षी ११५ विरुद्ध ११४ मतांनी संमत झाली, कारण तूरे क्योनिगसोन नावाचे एक लिबरल सदस्य स्वतःच्या पक्षाविरुद्ध जाऊन तटस्थ राहिले. तटस्थ राहणे हे तेथे कधीकधी सर्वांत वजनदार मत असते.) १९७३ च्या निवडणुकीत दोन्ही बाजूंना १७५-१७५ जागा मिळाल्या, काही विधेयकांचा निकाल चिठ्ठ्या टाकून लावावा लागला, तरी ओलोफ पाल्मे यांचे सरकार पूर्ण मुदत टिकले. त्यानंतर रिक्सडागची सदस्यसंख्या ३५० वरून ३४९ केली गेली, ती ही पंचाईत पुन्हा येऊ नये म्हणून. जून २०२१ मध्ये नव्या घरांच्या भाड्यावरील नियंत्रण उठवण्याच्या प्रश्नावर डाव्या पक्षाने पाठिंबा काढला आणि १८१ मतांनी अविश्वास ठराव मंजूर होऊन ल्योव्हेन पायउतार झाले. अविश्वास ठरावाने पडलेले ते पहिले स्वीडिश पंतप्रधान. त्यांच्यापुढे निवडणूक घेण्याचा मार्ग खुला होता, पण त्यांनी राजीनामा दिला आणि ७ जुलैला सभागृहाने त्यांनाच पुन्हा निवडले.

याचे एक कारण घटनेतच आहे. मुदतपूर्व निवडणूक घेतली तरी नियमित निवडणुकीची तारीख बदलत नाही. दर चार वर्षांनी सप्टेंबरमध्ये ती व्हायचीच. त्यामुळे हवा अनुकूल आहे असे पाहून निवडणूक लादण्यात पंतप्रधानाला फारसा लाभ नसतो, आणि विरोधकांनाही सरकार पाडून पुढची चार वर्षे पदरात पाडून घेता येत नाहीत. माझ्या मते स्वीडनच्या स्थैर्यात निवडीच्या नियमाइतकाच या तरतुदीचा वाटा आहे, पण तिच्याकडे बाहेरच्यांचे लक्ष क्वचितच जाते.

या पद्धतीत दोष नाहीत असे मला मुळीच म्हणायचे नाही. माझा आक्षेप आहे तो जबाबदारीविषयी. जो पक्ष तटस्थ राहून पंतप्रधानाला खुर्चीवर बसू देतो, त्याच्याकडे त्या पंतप्रधानाच्या कारभाराचा जाब कोणी मागावा? आम्ही पाठिंबा दिलाच नव्हता, असे तो मतदारांसमोर सांगू शकतो, आणि ते अक्षरशः खरे असते. अँडरसन यांच्या उदाहरणात ही फट उघडी पडली. एका बहुमताने पंतप्रधान राहू दिला आणि दुसऱ्याच गटाने त्याचा जमाखर्च लिहिला. २०१४ च्या डिसेंबरमध्येही ल्योव्हेन यांच्यावर हाच प्रसंग गुदरला होता. जोवर पक्ष दोन शिस्तबद्ध गटांत विभागलेले होते आणि प्रत्येक विरोधी पक्ष आपापल्या अर्थसंकल्पालाच मत देत असे, तोवर सर्वांत मोठ्या गटाचा अर्थसंकल्प आपोआप तरून जाई. २०१० मध्ये स्वीडन डेमोक्रॅट्स रिक्सडागमध्ये आल्यापासून हे गणित बिघडले आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये उल्फ क्रिस्टरसन १७६ विरुद्ध १७३ अशा स्पष्ट बहुमताने निवडले गेले, तेव्हा ही फट बुजली असे काहींना वाटले. प्रत्यक्षात ती दुसरीकडे सरकली. तिदो करार या चार पक्षांतील समझोत्यानुसार मॉडरेट, ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि लिबरल मंत्रिमंडळात बसले. त्यांना बहुमत मिळवून देणारे स्वीडन डेमोक्रॅट्स मात्र बाहेर राहिले, तेही ७३ सदस्यांसह, म्हणजे पंतप्रधानांच्या ६८ सदस्यांच्या पक्षाहून मोठे असून. त्यांचे अधिकारी सरकारी कचेरीत बसून धोरणांच्या आखणीत भाग घेतात, पण त्यांचा एकही मंत्री सभागृहात उत्तर द्यायला उभा राहत नाही. हा प्रकार मला उल्स्टेन यांच्या ३९ मतांपेक्षा अधिक काळजीचा वाटतो, कारण तेथे निदान कोण सत्तेत आहे आणि कोण नाही याविषयी संदिग्धता नव्हती.

तेव्हा विनंती एवढीच, की यापुढे स्वीडनमध्ये पंतप्रधानाची निवड होईल तेव्हा आपल्या बातमीत बाजूची, विरोधातली आणि तटस्थ अशी तिन्ही मते छापावीत, तटस्थ राहिलेल्या पक्षांची नावे द्यावीत आणि त्या वर्षीचा अर्थसंकल्प कोणाचा मंजूर झाला हेही कळवावे.

आपला,
एक नियमित वाचक