पगारपत्रकावर नाव कोणाचं, हे बघायला लावणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या शिफ्ट अजून त्याच स्टेडियमवर असतात, आणि माणसं पुरवणाऱ्या एजन्सीला मराठी येत नसलं तरी वाचून दाखवणारे भेटतातच. पण पत्र उघडच लिहायचं होतं. दर सप्टेंबरला आपली मुलं-मुली लंडनला शिकायला येतात, व्हिसाच्या आठवड्याला २० तासांत बसेल असं काम शोधतात आणि त्यातली काही फुटबॉलच्या मैदानांवर पोचतात. तुम्ही मला जे सांगितलंत ते त्यांना कामावर घेताना कोणी सांगत नाही.

२०२४-२५चा सीझन. मी खालच्या मजल्यावरच्या बिअरच्या काउंटरवर, तुम्ही त्याच बाजूच्या सफाईत. इंग्लंडमध्ये १९८५च्या कायद्यामुळे मैदान दिसेल अशा जागी बसून दारू पिता येत नाही, त्यामुळे मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत अख्खा स्टँड आमच्यावर तुटून पडायचा. ग्लास भर, कार्ड मशीन पुढे कर, पुढचा. खेळ पुन्हा सुरू झाला की जे मागे उरायचं, सांडलेली बिअर, चिरडलेले प्लास्टिकचे ग्लास, पायांना चिकटणारी फरशी, ते सगळं तुमच्या वाट्याला.

तीनच्या मॅचला आम्हाला साडेअकराला बोलवायचे. सही करायची, जॅकेट घ्यायचं आणि ब्रीफिंगची वाट बघत भिंतीला टेकून उभं राहायचं. पगार मात्र साडेबारापासून. सगळेच उभे असायचे, म्हणून मीही. तुम्ही एकदा बादली बाजूला ठेवून विचारलंत, "काय रे, हा तासभर तू कोणासाठी उभा असतोस?"

मग माझं पगारपत्रक मागितलंत. फोनवरच होतं. चष्मा कपाळावर चढवून तुम्ही ते डोळ्यांजवळ नेलंत, आणि तुमचं बोट दराच्या रकान्यावर न जाता सगळ्यात वरच्या ओळीवर गेलं. तिथे क्लबचं नाव नव्हतं. केटरिंग कंपनीचंही नव्हतं. "जॅकेटवर बोधचिन्ह क्लबचं, काउंटर केटरिंगवाल्यांचा, पगार एजन्सीचा. आता भांडायचं कोणाशी, ते सांग."

हिशेब तुम्ही कपांच्या रिकाम्या खोक्यावर मांडलात. किमान वेतन तेव्हा तासाला ११.४४ पौंड. सहा तासांचे ६८.६४ पौंड हातात, पण कामावर हजर सात तास. म्हणजे खरा दर ९.८१, कायद्याने ठरवलेल्या दराच्या खाली. मालकाने बोलावलं म्हणून कामाच्या जागी थांबून राहण्याचा वेळ त्या दराच्या हिशेबात धरावा लागतो, आणि हे बघायचं काम तेव्हा तिथल्या कर खात्याचं होतं, ही दोन्ही वाक्यं मी पहिल्यांदा तुमच्याकडून ऐकली. हजेरीची सही करतानाच त्या कागदाचा फोटो काढायला लावलात. ईमेल तीन ओळींचा लिहून घेतलात आणि त्यातलं 'अन्याय' खोडायला लावलंत. तारखा आणि वेळा पुरेत, म्हणालात.

पुढच्या महिन्याच्या पत्रकात 'अ‍ॅडजस्टमेंट' नावाची एक ओळ आली. पत्र नाही, खुलासा नाही, नुसती ओळ आणि समोर रक्कम. रजेच्या पैशांचं काय ते मात्र शेवटपर्यंत धड कळलं नाही.

पैसे मिळाले याबद्दल आभार आहेतच. पण त्याहून जास्त आभार मानायचेत ते तुम्ही त्या वरच्या ओळीकडे बघायला लावलंत म्हणून. त्याआधी मलाही इतरांसारखं वाटायचं, की क्लब गब्बर, खेळाडूंना आठवड्याला लाखांत पगार, मग आमच्या हातात एवढंसंच का? यात त्रागा होता, पण त्यातून विचारता येईल असा प्रश्न निघत नव्हता. तुमच्याकडे प्रश्न तयार होता आणि त्यामागचा इतिहासही. फेब्रुवारी २०१५मध्ये प्रीमियर लीगने, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या फुटबॉल स्पर्धेने, तीन सीझनचे ब्रिटनमधले प्रक्षेपण हक्क ५१३.६ कोटी पौंडांना विकले आणि लगेच ओरड झाली, की यातलं सफाईवाल्यांना काय? महिन्याभरात लीगने जाहीर केलं की २०१६-१७च्या सीझनपासून क्लब लिव्हिंग वेज, म्हणजे कायद्याच्या किमान वेतनाहून जास्त, जगायला पुरेल असा दर, देतील. कोणाला? पूर्णवेळ कर्मचाऱ्यांना. मॅचच्या दिवशी स्टेडियम ज्यांच्या जिवावर चालतं ते गर्दी सांभाळणारे स्टुअर्ड, काउंटरवाले, सफाईवाले बहुतेक अर्धवेळ, आणि त्यातले बरेच कंत्राटदाराचे. आश्वासन दिलंही आणि आम्ही त्यात बसलोही नाही.

हा दर ठरवणाऱ्या लिव्हिंग वेज फाउंडेशनचं प्रमाणपत्र तुम्हाला पटायचं ते याच कारणासाठी. ते हवं असेल तर कंत्राटदाराकडच्या नियमित कामगारांनाही तोच दर द्यावा लागतो. चेल्सीने ते २०१४च्या डिसेंबरमध्ये घेतलं, प्रीमियर लीगमध्ये सगळ्यात आधी. ऑक्टोबर २०२४मध्ये फाउंडेशनने लंडनसाठी १३.८५ पौंडांचा दर जाहीर केला, आमच्या ११.४४शी फरक तासाला २.४१चा. क्लबसाठी ही चिल्लर आहे. दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्याची मात्र त्यावर एखादी नोकरी सुटू शकते. ही चळवळ २००१मध्ये पूर्व लंडनमध्ये सुरू झाली तीही अशाच आईबापांमुळे, ज्यांना दोन ठिकाणी राबूनही भागत नव्हतं आणि मुलांसाठी वेळ उरत नव्हता.

क्लबच्या चाहत्यांच्या सभेला तुम्ही गेलात, हे मला दुसऱ्याच कोणाकडून कळलं. सफाईवाली म्हणून नाही, सीझन तिकीटवाली म्हणून! (तुमच्याकडे सीझन तिकीट आहे, आणि शिफ्ट नसलेल्या मॅचला तुम्ही वरच्या स्टँडमध्ये बसून रेफ्रीच्या नावाने मराठीत बोटं मोडता, हे कळल्यावर मी किती हसलो होतो.) तुम्ही विचारलंत, मॅचच्या दिवशी या इमारतीत काम करणाऱ्या सगळ्यांपैकी किती जणांना लिव्हिंग वेज मिळतं, पगार कोणीही देवो. उत्तर आलं की ते आमचे कर्मचारी नाहीत. त्यावर मागच्या रांगेतून लोक ओरडले म्हणे.

चाहत्यांनी विचारलेलं क्लबला जास्त झोंबतं, असं तुम्ही म्हणायचात आणि २०२०च्या एप्रिलचा दाखला द्यायचात. करोनात लिव्हरपूल आणि टॉटनहॅमने खेळाडू वगळून इतर काही कर्मचाऱ्यांचे पगार, काम बंद असलेल्यांसाठीच्या सरकारी योजनेवर टाकायचं ठरवलं. चाहते उखडले. लिव्हरपूलने दोन दिवसांत माघार घेतली, टॉटनहॅमने दोन आठवड्यांच्या आत. मला ते तितकं सरळ वाटत नाही, ताई. आमच्याच सीझनमध्ये मँचेस्टर युनायटेडने शेकडो जणांना कमी केलं, चाहत्यांनी निदर्शनं केली, तरी कपात झालीच. ओरडून सगळं थांबतं असं नाही. तरी कोणाचं नाव घेऊन ओरडायचं ते माहीत असावं, एवढं तुमचं पटलं.

आता माझी नोकरी वेगळी आहे, महिन्याच्या पगाराची. नव्या मुलांना मी तुमचा तो तीन ओळींचा ईमेल पाठवतो, माझ्या तारखा पुसून. तुमचं नाव सांगत नाही.

केटरिंगचं कंत्राट पुन्हा निघणार असं ऐकलं. तसं असेल तर लिव्हिंग वेजचा दर त्यातच लिहून घ्यायची वेळ हीच. चाहत्यांची पुढची सभा कधी आहे ते कळवा, मी तिकीट काढून येतो. माझी सगळी जुनी पत्रकं आणि सहीच्या कागदांचे फोटो ठेवलेले आहेत. सभेत दाखवायला लागले तर आदल्या रात्री सांगा, प्रिंट काढून आणीन.

तुमचा,
खालच्या काउंटरवरचा