नववा आठवडा

दादर, १८ फेब्रुवारी

प्रिय शुभा,

दिवाळीपासून तुझा एकही फोन उचलला नाही. दादरच्या पुलावर तू भर गर्दीत माझा दंड धरून "आधी ईसीजी काढ" म्हणून ओरडलीस आणि मी "तू तुझ्या गुडघ्यांचं बघ" म्हणाले. ते शब्द परत घेते.

जानेवारीत बायपास झाली. तीन ब्लॉक. आता बरी आहे, साखरही आटोक्यात.

छातीत कधी दुखलंच नाही गं. जबडा दुखायचा, पाठ भरून यायची, जिना चढताना धाप लागायची. डॉक्टर आधी अ‍ॅसिडिटी म्हणाले, मग "या वयात होतंच". मीही मान डोलावली. बायकांचं दुखणं पुष्कळदा असंच येतं, हे अँजिओग्राफीनंतर कळलं.

पायातली शीर काढून हृदयाला जोडली, छातीतली एक रक्तवाहिनीही वळवली. डावी बाजू अजून बधिर आहे; आंघोळीत हात लागला की दुसऱ्या कुणाची वाटते. छातीचं हाड तारेने बांधलंय, खोकला आला की उशी कवटाळायची. आणि ब्रा! वजनाने जखम ओढली जाते, कुणाला विचारणार? शेवटी नर्सने सांगितलं, पुढून हुकांची, मऊ, बिनतारेची घ्या. सुनेने रानडे रोडवरून तीन आणल्या, एकीवर ही मोठी गुलाबी फुलं. तुझा चेहरा आठवून इतकी हसले की उशी शोधावी लागली.

आता खरं सांगते. आठ आठवडे दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही. कुकर नाही, बादली नाही, कणीक मळणं नाही. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मला कुणी हातात चहा आणून देतंय. ह्यांना वरण जमायला लागलंय, शुभा! हळद जास्त पडते, मी बोलत नाही. हा सहावा आठवडा. येणारा प्रत्येक जण म्हणतो, "थोडेच दिवस, मग पूर्वीसारख्या व्हाल." होळी नवव्या आठवड्यात येते, सासूबाईंनी माझ्या हातच्या पुरणपोळ्या ठरवूनही टाकल्या. रात्री उताणी पडून मी दिवस मोजते. मला बरं व्हायचंय, चौपाटीपर्यंत चालत जायचंय. पण पूर्वीसारखी नाही व्हायचंय.

हे ह्यांना सांगितलं तर वाईट वाटेल. मधेच रडू फुटतं. फिजिओथेरपीची मुलगी म्हणते, या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांचं मन खचतं. असेल, पण माझं तेवढंच नाही. विनीतच्या वेळी सव्वा महिना संपायच्या आदल्या दिवशी तू मला बोलावून घेतलंस आणि रडलीस. मी म्हटलं होतं, "वेडी आहेस का, सगळ्याच करतात." ते वाक्य गेले सहा आठवडे माझ्या उशाशी आहे.

ठाण्याच्या जागेचा ताबा मिळाला का? अण्णांचा मोतीबिंदू झाला ना?

मंगळवारी दुपारी ये, घरात कुणी नसतं. काही करून आणू नकोस. हे थर्मासमध्ये चहा ठेवून जातात, दोघींना पुरतो.

तुझी,
मीनू