नाना, ते शिल्प तुम्ही टांगलंत म्हणून

तीर्थस्वरूप नाना यांस,

शि. सा. नमस्कार.

रुग्णालयाच्या हॉलमधलं झुलतं शिल्प पाहून लोक मला फोन करतात, फोटो पाठवतात, ‘हे तुमचंच ना?’ म्हणून विचारतात. हो म्हणताना दर वेळी तुम्ही डोळ्यांपुढे येता. शिडांचे आकार मी काढले, पत्रा कापून घेतला, रंग करून घेतला. पण ती नऊ शिडं माणसांच्या डोक्यावर सुखरूप चढली आणि तिथे निर्धास्त फिरतायत ती तुमच्यामुळे. दारालगतच्या पाटीवर माझं नाव आहे. तुमचंही घालू या म्हटलं तर तुम्ही ऐकलं नाहीत. म्हणून हे उघड पत्र लिहितेय. तुमची इच्छा मोडायची नाही, तेव्हा नाव इथेही घेत नाही, पण तुम्ही काय काम केलंत ते चार लोकांना कळू दे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. नानांचा जन्म गेला परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये. आधी खलाशी, म्हणजे जड ओझी उचलणारे-हलवणारे कामगार, मग खलाशांच्या टोळीचे मुकादम. १८७९ सालापासून चालू असलेलं ते वर्कशॉप, तिथे अख्खी इंजिनं उचलायची, हलवायची, परत नेमक्या जागी बसवायची. निवृत्त झाल्यावर ते दापोली तालुक्यातल्या आपल्या गावी आले, आंबा-काजू बघत बसले. आमच्या कामावरच्या एका वेल्डरने त्यांचं नाव सुचवलं आणि मी त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

नाना, मी तुम्हाला फोनवर अलेक्झांडर कॉल्डरच्या ‘मोबाइल’, म्हणजे झुलत्या, शिल्पांचे फोटो दाखवले होते, आठवतं? शिकलेला मेकॅनिकल इंजिनिअर, पुढे शिल्पकार झाला. तारा आणि पत्र्यांची ही झुलती शिल्पं त्याने १९३० च्या दशकात जगाला दिली, आणि १९५५ साली तो अहमदाबादला साराभाईंच्या घरी येऊन काम करूनही गेला. बहुतेक लोक ते फोटो बघताना लाल-काळे पत्रे बघतात. तुम्ही बोटांनी फोटो मोठा केलात आणि छताजवळचा टांगायचा आकडा शोधायला लागलात. त्याच क्षणी मला कळलं की माणूस बरोबर मिळाला.

आमच्या शिल्पाचा हिशोब सांगितल्याशिवाय तुमचं काम कळणार नाही, म्हणून तो मांडते. सगळ्यात वरची दांडी चार मीटरची, स्टीलची नळी. तिच्या एका टोकाला एकटं मोठं शीड, जोडणीसकट १२ किलो. दुसऱ्या टोकाला उरलेल्या आठ शिडांचा सगळा गोतावळा, ४८ किलो. कावडीचं तत्त्व तेच: वजन गुणिले अंतर दोन्ही बाजूंना सारखं आलं पाहिजे. १२ किलो ३.२ मीटरवर, ४८ किलो ०.८ मीटरवर, दोन्हीकडे ३८.४. कागदावर तोल जमला. पण नळीलाही वजन असतं. ती भरली १४ किलो, आणि ते वजन धरल्याबरोबर टांगायचा बिंदू लांब बाजूकडे जवळजवळ वीतभर सरकला. हे गणित मी करू शकते, ते माझं कामच आहे. झुलतं शिल्प नेहमी खालून वर जुळवतात. सगळ्यात खालच्या दांडीचा तोल आधी, मग ती अख्खी जोडी वरच्या दांडीच्या एका टोकाला, असं करत वर चढायचं. कार्यशाळेत सगळं तोलून तयार होतं.

अडचण पुढेच असते. जुळवणी खालून वर होते, पण जागेवर चढवायचं वरून खाली. वरची दांडी आधी वर जाणार, आणि खालचा गोतावळा जोडेपर्यंत तिचं एक टोक रिकामं. म्हणजे १२ किलोचं शीड दांडीला घेऊन सरळ खाली येणार. मोठ्या शहरांतल्या टोळ्यांनी यावर मला दोन क्रेनचा खर्च सांगितला होता. त्या हॉलच्या दारातून एकसुद्धा क्रेन आत येत नव्हती.

तुम्ही वाण्याकडून काटा मागवलात आणि खाडीकाठची वाळू. रिकाम्या पोत्यांत वाळू भरून ती तोलून घेतलीत, प्रत्येक पोत्यावर खडूने वजन लिहिलंत आणि त्या टोकाला बरोबर ४८ किलो लटकवलंत. मग चेनपुलीवर दांडी वर. दोन्ही टोकांना ताणदोर, त्यांवर दोन-दोन माणसं. खालची दांडी जोडली की तिच्या वजनाएवढं पोतं सुटायचं. तिच्या पुढची जोडली की आणखी एक. वाळू एकेक किलोने उतरत गेली आणि तिच्या जागी शिडं येत गेली. तुम्ही चेनपुलीवर नव्हतात, मधे उभे राहून फक्त वरच्या दांडीकडे बघत होतात. ती रेसभर जरी कलली तरी हात वर व्हायचा आणि सगळे थांबायचे. एकदाही कोणाला ओरडला नाहीत. शेवटचं पोतं सोडलं तेव्हा दांडी जागची हललीसुद्धा नाही.

ही युक्ती तुमच्याआधी कोणी केली असेल, नसेल. मला ती तुमच्याकडून मिळाली, आणि इथून पुढे माझ्या प्रत्येक कामात ती तशीच वापरली जाणार आहे.

पण त्याच्याही आधीचं एक ऋण मोठं आहे. आम्हाला मिळालेल्या नकाशात आकडा हॉलच्या बरोबर मध्यावर दाखवला होता, दोन ट्रसच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्यांच्या, मधल्या पर्लिनला, पत्रे ज्यावर टेकतात त्या आडव्या पट्टीला. तुम्ही परांचीवर चढून टॉर्च लावून बघितलंत आणि खाली येऊन म्हणालात, “बाय, ती पट्टी पत्र्याचा भार घ्यायला हाय. लोंबता भार ट्रसच्या सांध्यावर दे.” ट्रसवर वजन टाकायचं ते जिथे तिरप्या पट्ट्या खालच्या पट्टीला मिळतात तिथे, मधेच टाकलं तर पट्टी वाकते. स्ट्रक्चरल इंजिनिअरने हिशोब करून तेच सांगितलं आणि सांध्याची जागा नक्की केली. ती जागा मध्यापासून सव्वा मीटरभर जिन्याकडे होती.

मला सगळी रचना फिरवून काढावी लागली, आणि ती आधीपेक्षा चांगली झाली. लांब टोक आता पहिल्या मजल्याच्या कठड्याजवळून जातं, तेव्हा ते उंच घ्यावं लागलं, कोणाचा हात पोचणार नाही असं. दुपारी समुद्राकडून येणारा वारा दारातून शिरतो आणि जिन्याने वर चढतो. हॉलच्या मध्यावर शिडांना हा वारा लागलाच नसता. आज दोन वाजता तिथे जाऊन बसलं तर मोठं शीड आधी वळताना दिसतं आणि बाकीची त्याच्यामागे एकेक करून निघतात. वर पहिल्या मजल्यावर नातेवाईक तासन्‌तास बसलेले असतात. त्यांना बघायला काहीतरी हलतं, जिवंत आहे. बघणारा म्हणेल की जागा शिल्पकाराने फार विचार करून निवडली. ती जागा तुम्ही निवडलीत.

मग तुमची पाण्याची परीक्षा. शिल्प एकूण ८० किलोच्या आसपास, आणि तुम्ही त्या आकड्याला २०० लिटरचा ड्रम टांगून पाण्याने भरला. लिटरला किलो, म्हणजे अडीच पट वजन, मोजायला काटाही नको. रात्रभर तो तसाच. ट्रसला ओळंबा बांधून जमिनीवर खूण केलीत, सकाळी वाकून बघितलंत, मगच होकार दिलात. यारीने उचलायच्या वायररोपला, म्हणजे तारांच्या दोराला, साधारण पाचपट ताकद धरतात, माणसांच्या डोक्यावर कायमचं टांगायचं असेल तर दहापट धरण्याचा रिवाज आहे. तो मला माहीत होता. पण तुम्ही ज्या सुरात “हिच्याखाली माणसा बसनार हायत” म्हणालात, त्याने त्या दहा आकड्याला वजन आलं.

यू-क्लॅम्पचं तर मी आता शिकणाऱ्या मुलांना दाखवते. वायररोपचा फास बांधताना क्लॅम्प उलटसुलट लावायची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते, दिसायलाही ते नीटनेटकं वाटतं. तुम्ही ते सगळे सोडवलेत. क्लॅम्पचा बसका, खाचांचा भाग ओझं पेलणाऱ्या दोरावर आणि यू-बोल्टचा वाक फक्त मोकळ्या टोकावर. यू-बोल्ट दोराला चेचतो. चेचायचंच तर बिनओझ्याच्या टोकाला चेचू दे. आणि वजन आल्यावर दोर बारीक होतो, म्हणून नट पुन्हा आवळायचे. ड्रम टांगून झाल्यावर तुम्ही पाना घेऊन परत वर गेलात ते त्यासाठी. शिवाय खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेस एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम खाऊन जातं, म्हणून प्रत्येक सांध्यात नायलॉनचे वॉशर आहेत की नाहीत, तेही तुम्ही हाताने चाचपून बघितलंत.

खाली उतरवायची सोय करायला तुम्हीच लावलीत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तुमच्या वाडीतले पत्रे उडाले, बागा आडव्या झाल्या. ते बघितलेला माणूस टांगलेलं शिल्प कायमचं वर ठेवूच शकत नाही. म्हणून भिंतीला हातविंच, म्हणजे दोर गुंडाळायचं हाताने फिरवायचं यंत्र, बसवली, वर्म गिअरची, सोडली तिथेच थांबणारी. शिल्प वर गेलं की भार विंचवर न ठेवता पक्क्या स्लिंगवर, म्हणजे टांगायच्या दोरावर, घ्यायचा, आणि शेजारी दुसरी सुरक्षा-स्लिंग सैल ठेवायची, हा नियमही तुमचाच. वादळाचा इशारा आला की दोन माणसं ते अर्ध्या तासात खाली घेऊ शकतात. धूळ पुसायलाही तीच सोय.

आणि त्या रुग्णालयाच्या इलेक्ट्रिशियनला आणि सफाईच्या ताईंना तुम्ही एक दुपार बसवून सगळं समजावलंत, त्याबद्दल मी विशेष ऋणी आहे. कॉल्डरचं एक मोठं शिल्प पिट्सबर्गच्या विमानतळावर होतं, १९५८ चं. काळ्या-पांढऱ्या शिल्पाला तिथल्या लोकांनी पुढे हिरवा आणि सोनेरी रंग फासला आणि ते आपोआप फिरावं म्हणून मोटर बसवली. दुष्टपणा नव्हता त्यात. टांगलेली वस्तू कशाने फिरते हे त्यांना कोणी बसून सांगितलंच नव्हतं. आपल्या ताई आता भेटायला येणाऱ्यांना स्वतः सांगतात, हात लावू नका, दार उघडं ठेवा.

तुम्हाला मी पॉल मातिस या अमेरिकी कलाकाराची गोष्ट सांगितली नव्हती. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत कॉल्डरचं २३ मीटर रुंदीचं शिल्प आहे. नेहमीसारखं पोलादात केलं असतं तर ते वाऱ्यावर हललंच नसतं इतकं जड झालं असतं. मातिसने पत्र्यांच्या जागी मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ अ‍ॅल्युमिनियमचे फलक करून ते ४१७ किलोत बसवलं. कॉल्डर १९७६ च्या नोव्हेंबरात गेला, शिल्प पुढच्या वर्षी टांगलं गेलं. आज तिथल्या इतिहासात मातिसचं नाव आदराने घेतात. आपल्याकडे कोटेशनमध्ये ‘टांगणी’ कुठल्यातरी किरकोळ खर्चात ढकललेली असते, दर पाडून घ्यायची पहिली जागा तीच. माझ्या पुढच्या कामाच्या अंदाजपत्रकात ती वेगळी बाब आहे, वेगळ्या रकमेसह, आणि ती रक्कम घासाघीस करायला नाही, हे मी काम देणाऱ्या मंडळाला लेखी कळवलंय.

गणपती झाले की पहिली तपासणी करायची आहे: वरच्या बेअरिंगला ग्रीस, क्लॅम्पचे नट, वॉशर. गाडी दारात पाठवते. तुमचा नातू आयटीआयला फिटर करतोय म्हणालात, त्यालाही आणा. पाना त्याच्या हातात द्या. काकींना नमस्कार. पोह्यांचे पापड संपले, हे त्यांना मुद्दाम सांगा.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
बाय